उन्हाळी आणि तीन फुटी पट्टी

…आणि वर मलाच विचारायचे, "मावशी, पट्टी कोणाकडे आहे?" आता मी काय पट्टीची राखण करायला बसले होते का हो? एकोणीस वर्षं त्या कारखान्यात कॉलर शिवतेय मी, कॉलर. पट्टीशी माझा काय संबंध? पण नाही. पट्टी दिसेनाशी झाली की सगळ्यांची नजर बायकांच्या रांगेकडे, आणि ती नजर आली की आमच्या चोवीस जणींच्या माना एकदम खाली, सगळ्यांनी मिळून चोरीच केलीय जशी काही... थांबा, तुम्हाला पट्टीचं नीट सांगते, नाहीतर म्हणाल, ही बाई मधूनच सुरू होते आणि मधेच संपते.

तर पट्टी. लाकडाची, तीन फुटी, कापडावर खुणा करायची. आमचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. लांबच लांब हॉल, वर पत्रा. ह्या टोकाला मालकांची काचेची केबिन, मग आम्ही चोवीस जणी दोन रांगांत, मग इस्त्रीवाले दोघे, आणि पार त्या टोकाला कटिंगचं टेबल. तिथे आमचे मास्तर. वयस्कर माणूस, स्वभावाने देव, कानाने जरा कमी. आणि संडास? तो मास्तरांच्या टेबलामागे. एकच. आणि त्याच्या दाराला आतून कडी नाही. कधीकाळी असावी, कारण मी कामाला लागले तेव्हा तिची भोकं होती. मग दार बंद कसं राहायचं? तर कोणा हुशार बाईने शोध लावला की मास्तरांची तीन फुटी पट्टी दार आणि समोरची भिंत यांच्यामध्ये आडवी दाबली की बरोब्बर बसते. अगदी मापात. त्या बाईला इंजिनिअर करायला हवं होतं, तिने बिचारीने जन्मभर खिसे लावले.

म्हणजे लघवीला जायचं तर... हे बघा, शब्द निघाला माझ्या तोंडून. गेल्या उन्हाळ्यापर्यंत निघाला नसता. आम्ही काय म्हणायचो? "जाऊन येते." कुठे? ते नाही विचारायचं. फारच कोणी खोदलं तर "तिकडे". तर तिकडे जायचं म्हणजे जागेवरून उठायचं, अख्खा हॉल चालत जायचा, मास्तरांची पाठ वळली की टेबलावरची पट्टी उचलायची आणि आत शिरायचं. मास्तरांची नजर चुकवाल हो, इस्त्रीवाल्यांची कशी चुकवणार? त्यांचे हात इस्त्रीवर आणि डोळे मोकळे. आणि तीन फूट लाकूड काही मुठीत लपत नाही. बरं, आत जाऊन बसलात, तोवर इकडे मास्तरांना खूण करायची वेळ येणार. लगेच आवाज. "पट्टी! माझी पट्टी कोणी नेली?" कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कुठे कळतं? पार मालकांच्या काचेपर्यंत ऐकू जायचं. आतल्या बाईचं काय होत असेल, सांगा. अर्ध्यावरून उठून आलेल्या बायका मी बघितल्यात. सांगायचं कोणाला?

आणि नुसती पट्टी असती तरी निभावलं असतं एक वेळ. दुसरी अडचण रांगेची. आमच्याकडे एक बाई अख्खा सदरा शिवत नाही. पहिलीने खांदे जोडायचे, दुसरीने बाह्या, मग मी कॉलर, माझ्या पुढचीने काजं-बटणं, असा तो सदरा हातोहात पुढे जातो. समजा मी पाच मिनिटं उठले, की माझ्यापुढे ढीग, आणि पुढचीच्या हाताला काम नाही, ती नुसती बसून माझ्या रिकाम्या स्टुलाकडे बघणार. बोलत कोणी नाही. बोलायला कशाला पाहिजे? त्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं की सगळं बोलून होतं.

मग आम्ही बायकांनी काय केलं? कडी मागितली? छे. बाया आम्ही, डोकं चालवलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पाणीच प्यायचं नाही. संपलं!

आणि ह्या विद्येत तुम्हाला सांगते, मी गुरू होते. नवीन बाई लागली की पहिल्या दिवशी माझ्याकडेच पाठवायचे. सकाळी सहाला अर्धा कप चहा, तोही जिवावर आल्यासारखा प्यायचा. घरातून निघताना एकदा जाऊन यायचं, गरज असो नसो. दुपारी डबा खाताना दोन घोट पाणी, घास उतरायला पुरेल इतकंच. फार तहान लागली तर बोट बुडवून ओठ ओले करायचे, गिळायचं नाही. आणि चारनंतर अगदीच अनावर झालं तर पाय आवळून मनातल्या मनात पाढे म्हणायचे. शाळेत मला बाराचा पाढा येत नव्हता. कारखान्यात मी एकोणतीसपर्यंत पोचले.

एकदा मालकांनी केबिनमधून बाहेर येऊन सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. म्हणाले, ह्या मावशींकडे बघा, एवढ्या वर्षांत कामाच्या वेळेत जागच्या उठल्या नाहीत. आणि मला छत्री दिली, फुलाफुलांची. मी ती दोन वर्षं उघडली नाही, घडी मोडेल म्हणून. काय अभिमान हो! कशाचा? तर मूत दाबून धरण्याचा. पण तेव्हा तसं कोणी म्हणत नव्हतं, तेव्हा म्हणायचे निष्ठा.

आता उन्हाळ्याचं सांगते, कारण सगळा घोळ उन्हाळ्यातला आहे. शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेश लागतात, म्हणजे आमचं सगळं काम भर उन्हाळ्यात. वर पत्रा तापलेला, बाजूला इस्त्र्यांची वाफ, आणि पंखा लावला की कापलेले तुकडे उडतात म्हणून पंखा बंद. घाम असा की स्टुलावरून उठलं की स्टुलावर ओला डाग. बाहेर इतकं पाणी जातंय, आत मात्र थेंब नाही. आणि अंगात काय? दिवसभर आम्ही दुसऱ्यांच्या पोरांसाठी सुती कापड शिवणार, आणि आमच्या अंगाला लागून आतमध्ये नायलॉन. का? तर लवकर वाळतं. आणि ते वाळत घालायचं कुठे? तर टॉवेलच्या खाली. घरातल्या पुरुषांना दिसता कामा नये, शेजाऱ्यांना दिसता कामा नये, बरं, त्या नादात उन्हालासुद्धा दिसायचं नाही. सकाळी अर्धवट ओलं चढवायचं आणि निघायचं.

मग व्हायचं तेच व्हायचं. उन्हाळी लागायची. जळजळ, आग, ठणका, जाऊन आलं की पुन्हा जावंसं वाटायचं, आणि गेलं की चार थेंब, तेही तिखटासारखे. डोळ्यांतून पाणी यायचं. पण त्याला आजार म्हणत नाहीत ना. नावच आहे, उन्हाळी. उन्हाळ्यात येणारच. माझ्या आईला लागायची, आईच्या आईला लागायची. माहेरवाशिणीसारखी दरवर्षी यायची, आठ दिवस राहायची आणि निघून जायची. मी घरी सांगायचे, पाठ दुखतेय. आमचे हे पाठीला मलम आणून द्यायचे. बिचारा माणूस, वीस वर्षं चुकीच्या जागेचं मलम आणत होता. सांगायचं कोणाला?

तर अशात माझ्या घरी सून आली. आणि लग्नाला सहा महिने होतात न होतात, तोच म्हणाली, आई, मीही तुमच्याबरोबर कामाला येते. मला आनंदच झाला. हात चांगला आहे तिचा, बाही अशी लावते की सुरकुती शोधून सापडत नाही. मी शब्द टाकला, मालकांनी तिला माझ्याच अलीकडच्या स्टुलावर बसवलं. म्हणजे ती बाही लावणार आणि मी कॉलर. सासू-सून एका रांगेत, सगळे म्हणाले, छान.

छान कसलं? पोरगी पाणी प्यायची! एक लिटरची निळी बाटली घेऊन आली पहिल्या दिवशी, ठेवली मशीनवर, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने घटाघटा पितेय. मी डोळे वटारले, तिला कळेना. दुपारपर्यंत तीनदा पट्टी घेऊन गेली. हातात अशी सरळ धरून, लपवण्याचं नाव नाही. इस्त्रीवाले एकमेकांकडे बघून हसले. मास्तर तीनदा ओरडले. पुढचीच्या हाताला काम नाही. आणि सगळ्या चोवीस... नाही, तेवीस जणी माझ्याकडे बघतायत. तुमची सून ना ही, मावशी? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

रागावले नाही हो मी. ते मी स्वतःलाच नंतर कितीदा सांगितलं, की मी रागावले नव्हते. घरी गेल्यावर तिला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि सगळी विद्या शिकवली. अर्धा कप चहा, दोन घोट, ओठ ओले, पाढे. माझ्या आईने मला सोनं दिलं नाही की नाणं दिलं नाही, हे एक दिलं होतं, ते मी प्रेमाने तिच्या ओटीत घातलं. पोरगी गुणी. दुसऱ्या दिवशी निळी बाटली घरी ठेवून आली. आठवड्याभरात अशी तयार झाली की दिवसभर जागची हलायची नाही. मालक जाता जाता म्हणाले, सासूवर गेलीय. त्या दिवशी मी घरी गोड केलं.

महिनाभर गेला. उन्हं चढली. एक दिवस सकाळी ती मोरीतून बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. हळूच म्हणाली, आई, खाली फार जळजळतंय. मी म्हटलं, उन्हाळी लागली असेल, सगळ्यांनाच लागते, जाईल आठ दिवसांत. नवऱ्याला सांगू का, म्हणाली. मी म्हटलं, त्यात काय सांगायचंय, पुरुषांना कळतं का त्यातलं, काळजी करत बसेल उगाच. आणि काय केलं मी? दुकानात एक बाटली मिळते, फुलांच्या वासाची, बायकांच्या खास स्वच्छतेसाठी म्हणून. ती आणून दिली. म्हटलं, ह्याने धू सकाळ-संध्याकाळ. तिची आग दुप्पट झाली. ती बोलली नाही. मला वाटलं, उतार पडला.

चौथ्या दिवशी दुपारची गोष्ट. पत्रा असा तापलेला की वर बघवत नव्हतं, आणि माझ्यापुढे आला सदरा, त्याची डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे. मी म्हटलं, अगं, लक्ष कुठंय? पुढचा सदरा आला, त्याला बाहीच नाही. मी वळून बघितलं. ती कुडकुडत होती. तुम्हाला सांगते, त्या भट्टीत, जिथे आम्ही सगळ्या घामाने निथळत होतो, तिथे माझी सून दोन्ही हात काखेत घालून थंडीने कुडकुडत होती, दातावर दात आपटत होते, आणि कमरेत एका बाजूला हात दाबून म्हणत होती, आई, मला काहीतरी पांघरायला द्या. मी तिच्या अंगावर न शिवलेल्या कापडाचा अख्खा तागा टाकला आणि उठले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळेत उठले. कोणाला विचारलंसुद्धा नाही.

दवाखान्यातली डॉक्टर म्हणजे एवढीशी पोरगी, माझ्या मुलापेक्षा लहान. तिने सुनेला तपासायला घेतलं आणि प्रश्न विचारायला लागली. आता प्रश्न तिला, पण उत्तरं कोण देणार? मीच. सवय आहे ना. डॉक्टर म्हणाली, दिवसातून किती वेळा लघवीला जातात ह्या? मी म्हटलं, दोनदा. सकाळी एकदा, संध्याकाळी घरी आल्यावर एकदा. आणि कसं म्हटलं माहितीये? पोराचे परीक्षेतले मार्क सांगावेत तसं. डॉक्टरचं पेन थांबलं. तिने वर बघितलं. म्हणाली, आणि पाणी? मी म्हटलं, पिते की हवं तेवढं.

तेव्हा सुनेने डोळे उघडले. तापाने लाल झालेले. म्हणाली, "आई सांगतात तेवढंच पिते मी."

तक्रार नव्हती हो त्यात. तक्रार असती तर मी भांडले असते, भांडणात मी आजवर कोणाला हार गेलेली नाही. पण ती कौतुकाने सांगत होती. डॉक्टरला सांगत होती की बघा, मी चांगली सून आहे, मी ऐकते. तिथे एक स्टूल होतं, त्याच्यावर बसले.

डॉक्टरने समजावून सांगितलं, शांतपणे. जंतू खालून वर चढत चढत मूत्रपिंडापर्यंत गेलेत. पाणी पिऊन वरचेवर लघवीला गेलं की ते वाहून जातात, पण पाणीच नाही आणि वर तासन्‌तास धरून ठेवायचं, म्हणजे त्यांना मुक्कामाला या म्हटल्यासारखं. सलाईन लावावं लागेल, दोन-तीन दिवस इथे ठेवावं लागेल. मी विचारलं, उद्या आणलं असतं तर? ती म्हणाली, आज आणलंत ना, तेवढं पुरे. आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "काकू, तुम्हालाही होतो का हा त्रास?"

मी म्हटलं, छे छे. तिने नुसतं बघितलं. मी म्हटलं, उन्हाळ्यात थोडा. ती म्हणाली, किती वर्षं? मी बोटं मोजायला लागले, बोटं संपली. तिने लघवी तपासणीची एक छोटी बाटली सुनेच्या नावाची आणि एक माझ्या नावाची पुढे केली. आता ऐका. सून तापात, नर्सच्या खांद्यावर भार टाकून गेली आणि पाच मिनिटांत बाटली भरून आली. मी आत गेले ती वीस मिनिटं आतच. येईचना! बाहेरून नर्स दार वाजवतेय, काकू, झालं का? मी म्हणतेय, होतंय, होतंय. कसलं होतंय? इतक्या वर्षांची तालीम आहे, कोणी दाराबाहेर उभं आहे म्हटल्यावर माझं शरीर कडेकोट बंद. शेवटी नर्सला म्हटलं, बाई, जरा लांब जा आणि गाणं म्हण. ती हसली, पण गेली लांब.

मग मुलाचा फोन आला. आई, कसला ताप आहे तिला? मी म्हटलं, अंगातला. तो म्हणाला, ताप अंगातच असतो आई, झालंय काय? आणि मला बोलता येईना. माझाच मुलगा, त्याचं सगळं मी धुतलंय, पुसलंय, आणि त्याला सांगायला माझी जीभ उचलेना. शेवटी भिंतीकडे तोंड केलं आणि सांगितलं, लघवीचा आजार आहे, वर मूत्रपिंडापर्यंत गेलाय. तो मग म्हणाला, तिने मला का नाही सांगितलं? मी म्हटलं, मीच नको म्हटलं. त्याने फोन ठेवला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. पाऊण तासात येऊन तिच्या उशाशी बसला आणि चमच्याने तिला पाणी पाजायला लागला.

मी समोर बसून बघत होते. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. सलाईनचा एकेक थेंब पडत होता आणि मी विचार करत होते, मी तर हिचं वाईट चिंतलं नव्हतं. माझ्या आईनेही माझं चिंतलं नव्हतं. कोणीच कोणाचं वाईट चिंतलं नाही, आणि तरी ही पोर इथे पडलीय. मला एवढी वर्षं वाटत होतं की आपण सोसलं. सोसलं ते सोसलं, वर दुसरीला शिकवलं. त्या कारखान्यात किती नवीन बायका आल्या माझ्या हाताखाली? कितीजणींची पाठ दुखते अजून, कोण जाणे. आता माफी मागायची तरी कोणाकोणाची?

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरने आम्हा दोघींना गोळ्या दिल्या, आणि बजावून सांगितलं की बरं वाटायला लागलं म्हणून मधेच थांबवायच्या नाहीत, सगळ्या संपवायच्या. लघवीचा रंग फिकट दिसेल इतकं पाणी प्यायचं. लागली की जायचं, धरून ठेवायचं नाही. धुताना, पुसताना पुढून मागे, मागून पुढे नाही. मी म्हटलं, ह्या वयात हे शिकायचं? ती म्हणाली, ह्या वयात जास्त शिकायचं, वय वाढलं की त्रासही वाढतो. घामाने भिजलेले कपडे बदलायचे, आतले कपडे सुती, सैल, आणि उन्हात वाळवलेले. मी म्हटलं, उन्हात? सगळ्यांसमोर? ती म्हणाली, काकू, सगळ्यांनाच माहितीये की तुम्ही आतले कपडे घालता. आणि ती फुलांची बाटली मी पिशवीतून काढून दाखवली, तर म्हणाली, साधं पाणी पुरे, हे फेकून द्या. टाकायला जीव होईना, म्हणून बेसिनमध्ये ओतली. आता बेसिनला सुंदर वास येतो.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच कामावर गेले. स्टुलावर बसले, शेजारचं स्टूल रिकामं. कॉलर हातात घेतली आणि शिवता येईना. उठले. सरळ केबिनच्या दारात. मालक म्हणाले, या मावशी, सून कशी आहे? मी म्हटलं, लघवीचा आजार झालाय तिला. मालकांनी एकदम ट्यूबलाइटकडे बघायला सुरुवात केली. मी म्हटलं, वर काय बघताय, इकडे ऐका. आणि सांगायला लागले. तर तिकडून, हॉलच्या त्या टोकाकडून, मास्तर! "काय? काय झालंय सुनेला?" चांगला माणूस, काळजीने विचारतोय, पण मी सांगितलेलं त्याला ऐकू जाईना. दोनदा सांगितलं, हात कानाला लावून पुन्हा, "काय?" मग माझी इतक्या वर्षांची लाज कुठे गेली कोण जाणे, मी पोटातून आवाज काढला. "लघवीचा आजार, मास्तर! आम्ही पाणी पीत नाही, कारण तिकडे दाराला कडी नाही, म्हणून तुमची पट्टी न्यावी लागते, आणि तुम्ही ओरडता!"

मशीनं थांबली. सगळी. तो हॉल इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलायची विसरून एक पँट जाळली.

मास्तर तिथेच उभे होते. म्हणाले, "माझी पट्टी दाराला लावता?" ते म्हणाले, त्यांना आजवर वाटायचं की आम्ही घड्यांचं माप तपासायला नेतो. म्हणायचे मनात, बायका किती काळजीने काम करतात. एवढी वर्षं! आणि आम्हाला वाटत होतं, त्यांना सगळं माहितीये आणि मुद्दाम ओरडतात. मालक म्हणाले, मला तर कोणी सांगितलंच नाही. आता ह्यावर मी भडकणार होते, पण खरंच, कोणी सांगितलं होतं? चोवीस बायका, पट्टी आडवी दाबायची युक्ती काढली, पाढे पाठ केले, आजार अंगावर काढले, पण "कडी लावा" हे दोन शब्द आमच्याच्याने बोलवले नाहीत. आणि त्यांनीही कधी आपण होऊन दाराकडे बघितलं नाही, हेही तितकंच खरं.

मास्तर जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता बाहेर गेले आणि कडी घेऊन आले. स्वतः बसवली. चार स्क्रू. मी घड्याळ लावून बघितलं, सात मिनिटं लागली. सात मिनिटांचं काम, आणि त्याच्यासाठी माझी सून तीन दिवस सलाईनवर. ते बाहेर आले, हात पुसले, मला म्हणाले, बाई, आधी सांगायचं होतंत. मी मान हलवली.

पंधरा दिवसांनी सून परत आली. डॉक्टरने एका जागी फार वेळ बसू नको म्हटलेलं, मग मालकांनी तिला फिरतं काम दिलं. कोणाला उठायचं असलं की ती त्या स्टुलावर बसते, तिथलं काम पुढे चालू, उठलेली येईपर्यंत. कोणाचा ढीग नाही, कोणाचे हात रिकामे नाहीत. आणि पोरगी आता कोणाचं ऐकत नाही. मशीनमशीनवर बाटल्या ठेवल्यात तिने, दर तासाला फिरते, बाटलीतलं पाणी किती खाली गेलं ते बघते, आणि अख्ख्या हॉलसमोर, इस्त्रीवाल्यांसमोर, मोठ्याने विचारते, आई, शेवटचं कधी गेला होतात? मी सासू आहे तिची! पण मी मुकाट्याने सांगते.

परवाचीच गोष्ट. ऊन म्हणजे नुसता जाळ. सून आली, म्हणाली, आई, उठा. मी म्हटलं, मला नाही जायचं. ती म्हणाली, आई. मी उठले. आणि उठल्यावर कळलं, की खरंच जायचं होतं, आणि चांगलंच जायचं होतं, दीड लिटर पाणी होतं पोटात. भराभर चालत गेले, तर दारासमोर पाच जणी उभ्या. आता सगळ्याच पितात ना, मग सगळ्याच जातात, आणि संडास तर एकच. दुसरा बांधू म्हणालेत मालक, बघू. मी म्हटलं, अगं पोरींनो, मला जरा पुढे जाऊ द्या, माझं वय झालं, मला धरवत नाही. तर सगळ्यात पुढे उभी असलेली ती काजं-बटणंवाली मागे वळली आणि अगदी आदराने म्हणाली, "मावशी, तुम्हाला काय, तुम्हाला एकोणीस वर्षांची सवय आहे. आधी आम्हाला जाऊ द्या."

आता हे सांगायचं कोणाला? मीच शिकवलंय तिला.